धूरफवारणीला प्रतिबंध म्हणू नये

संपादक महोदय,

'डेंगीचे रुग्ण आढळताच प्रतिबंधात्मक उपाय सुरू' अशा आशयाच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. त्यांतला 'प्रतिबंधात्मक' हा शब्द मला खटकतो, कारण रुग्ण आढळल्यावर जे होते ते रोगाचे नियंत्रण. तेही हवेच, पण प्रतिबंध त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा.

रुग्णाला चावलेल्या, डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीकडून विषाणू पुढे जाण्याजोगा व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, ती दुसऱ्या कोणाला चावली की त्याला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस जातात, आणि मग कधीतरी तपासणी होऊन अहवाल हाती येतो. तोवर गल्लीत धुराचे यंत्र आले तरी त्याने मरतात ते उडणारे डास. पिंपातल्या अळ्या तशाच वाढत राहतात. अंडी तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणूनच पिंप नुसते उपडे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते.

अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, यावरून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे. पण आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येते. जिने रात्री जागून पिंपे भरली, ती बाई त्यातले पाणी ओतून देणार नाही, आणि तिने ते का द्यावे? अशा ठिकाणी नियमित पाणीपुरवठा, घट्ट झाकणे आणि हौदांत अळ्या खाणारे गप्पी मासे हाच खरा प्रतिबंध आहे, आणि त्याची जबाबदारी आरोग्य विभागाइतकीच पाणीपुरवठा विभागाचीही आहे.

१६ मे हा राष्ट्रीय डेंगी दिवस पावसाळ्याच्या तोंडावर येतो. आपल्या दैनिकाने ऑगस्टमधील रुग्णसंख्येबरोबरच, मे महिन्याच्या सुमारास झालेल्या घरसर्वेक्षणात कोणत्या प्रभागात किती घरांत आणि किती भांड्यांत अळ्या सापडल्या, हे आकडेही मागवून दरवर्षी छापावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक