स्नायूंची झीज आणि हार्मोनची इंजेक्शने

मा. संपादक,
स. न.

वाढत्या वयात होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे. परंतु लेखाचा सारा रोख ‘हार्मोन घटतात, तेव्हा ती बाहेरून भरून काढावीत’ असा आहे, आणि वडोदऱ्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची भलामण करणारी पत्रके हातोहात फिरत असताना त्यावर लिहिणे भाग आहे.

हार्मोन घटतात हे खरेच. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन साधारण चाळिशीपासून दरवर्षी सुमारे एक टक्क्याने उतरत जाते आणि वृद्धी-हार्मोनही ओसरते. रजोनिवृत्तीत तर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन काही वर्षांतच झपाट्याने खाली येते, आणि स्त्रियांजवळ स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते. तरीही लेखात त्यांचा ओझरताही उल्लेख नसावा याचे नवल वाटते. मात्र ही घट म्हणजे झिजेचे एकमेव कारण नव्हे. स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी कमी होतात, खाल्लेल्या प्रथिनांपासून नवा स्नायू बांधण्याचे काम मंदावते, आणि गुडघे दुखतात म्हणून माणूस खुर्चीला खिळला की उरलेसुरले बळही जाते.

१९९० साली अमेरिकेत दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात साठी ओलांडलेल्या बारा पुरुषांना सहा महिने वृद्धी-हार्मोन टोचले. त्यांच्या शरीरातील चरबी घटली, चरबीविरहित वजन वाढले, आणि ‘तारुण्याच्या इंजेक्शना’चा बाजार त्यावर उभा राहिला. ताकद वाढली का, हे त्या अभ्यासात मोजलेलेच नव्हते. दुसऱ्यात बॉस्टनच्या वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले. नऊ जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. यात विकण्यासारखे काही नसल्याने त्याची पत्रके कोणी छापली नाहीत.

सकाळच्या रक्ततपासणीत दोनदा टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आढळले आणि लक्षणेही असली, तर तज्ज्ञ डॉक्टरांनी ते द्यावे, याला कोणाची हरकत नाही. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर पुरुषांवरील टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, तरी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे व फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाण जास्त दिसले. हाडे मोडणे कमी होईल ही अपेक्षा होती. तीही उलटीच ठरली.

आमच्या शेजारच्या काकू दोन्ही हातांनी टेकू दिल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीत, आणि त्यांचे रात्रीचे जेवण म्हणजे मऊ भात व पातळ वरण. प्रौढांसाठी आपल्याकडची शिफारस वजनाच्या किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, आणि वृद्धांनी एक ते १.२ ग्रॅम घ्यावे असे अनेक तज्ज्ञ मानतात. घट्ट वरणाच्या वाटीतूनही जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. अशा ताटात उसळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडे, यांची भर पडायला हवी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.

आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार, हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. ही साधी चाचणी आपण पुरवणीत चौकटीत छापावी, अशी विनंती आहे. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचा वारसा सांगणाऱ्या या शहरातील व्यायामशाळांनी आणि मराठी मंडळांनी आठवड्यातून दोन दिवस, सकाळचा एक तास, साठीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी राखून ठेवावा. तेथे देखरेखीसाठी फिजिओथेरपिस्ट असावा आणि सुरुवात खुर्चीवरून उठण्यापासूनच व्हावी.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा