शेजारच्या अक्कांना, गच्चीवरून

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार.

कठड्यावरून तोंडावर आभार मानले असते, तर "हां हां, आधी पाणी घाल" म्हणून पदर खोचत तुम्ही आत निघून गेला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नात मोबाइलवर वाचून दाखवेल. तिला मध्येच दळण आणायला पिटाळू नका, एवढीच विनंती.

पाडवा होऊन पंधरा दिवस झाले. सकाळचे सहा वाजलेत. मी उपड्या बादलीवर चहा घेऊन बसलोय. मोगऱ्याला रात्रीतून अकरा फुलं आलीत, मोजली मी. भेंडीची पिवळी फुलं अजून पुरती उघडायचीत. आठ वाजले की ऊन फरशीवर उतरेल आणि मग दिवेलागणीपर्यंत इथे अनवाणी पाय टाकायची सोय नाही. पण तोवरचे दोन तास माझे. गेल्या वर्षी या दिवसांत सहाला मी जागा असायचो खरा, पण पंख्याकडे बघत.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही म्हणून सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीत पुण्यातली नोकरी गेली आणि बायको-मुलीला घेऊन मी सोलापुरात आईकडे परत आलो. चाळिशी उलटलेला माणूस भर दिवसा घरी दिसला की गल्ली फार प्रेमाने चौकशी करते. त्या प्रेमाला कंटाळून मी गच्चीत जाऊन बसायला लागलो. बसून बसून बाग करायचं डोक्यात आलं, आणि बेकार माणसाने जे पहिल्यांदा करू नये तेच मी पहिल्यांदा केलं: मोबाइलवरून 2,800 रुपयांचं सामान मागवलं. कोकोपीट, रंगीत कुंड्या, पितळी तोटीचा फवारा आणि कोथिंबीर, पालक, लेट्यूसचं बी. मार्च संपता संपता. सोलापुरात.

कोथिंबीर चार बोटं वाढली आणि एका दुपारी आडवी झाली. पालकाने नीट पानं धरायच्या आधीच तुरा काढला. लेट्यूसबद्दल न बोललेलं बरं. तुम्ही हे सगळं कठड्यापलीकडून बघत होतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एक अक्षर बोलला नाहीत. फक्त एका सकाळी जिन्याखालून हाक आली, "बाबू, एवढं पोतं वर आणून दे की. गुडघे धरलेत."

पोत्यात विडीच्या पानाचं कात्रण होतं. सोलापूरच्या पूर्व भागात, विड्या वळणाऱ्या तेलुगू घरांच्या वस्तीत वाढलेल्याला ते नवीन नाही, पण इतरांसाठी: विडीचं पान म्हणजे तेंदूचं. तुमची सून ते रात्री भिजवते, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने तुकडे कापते, आणि कडेचं, शिरेकडचं जे उरतं ते कात्रण. तुम्ही स्वतः चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन हेच केलंत. बहुतेक घरांत ते कात्रण चुलीत जातं. तुमच्या घरी ते एका पोत्यात, तंबाखूपासून लांब, कोपऱ्यात साठतं. ते तुम्ही तुमच्या डब्यांतून दोन-दोन बोटं पसरलंत आणि उरलेलं माझ्याकडे सरकवलंत. "आता हे परत खाली कोण नेणार? टाक तुझ्यात."

मी निम्म्या कुंड्यांत टाकलं, निम्म्या तशाच ठेवल्या. तुमच्यावर विश्वास नव्हता, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता डोक्यावर टॉवेल टाकून वर आलो आणि बोट खुपसून पाहिलं. उघड्या कुंडीत दोन पेरं गेली तरी कोरडी ठाक माती, वर कडेने सुटून भेगाळलेली. कात्रणाच्या कुंडीत पहिल्याच पेराला गार लागलं. मी तिथे उन्हात उभा राहून चार वेळा बोट घालून बघितलं. कात्रण चिवट असतं, वाऱ्याने भुर्रकन उडत नाही आणि लवकर कुजतही नाही. नळाला पाणी चौथ्या दिवशी येणाऱ्या घरात ही गोष्ट किती मोठी, ते ज्याच्या घरी रोज पाणी येतं त्याला नाही कळायचं.

मग तुमच्या हाका वाढल्या. वीट हलव, डबा धर, सुतळी ओढ. पंधरा किलोचे तेलाचे डबे, फुटकी बादली, रंगाचा पिंप, यांना बुडाला भोकं पाडायची आणि खाली दोन-दोन विटा द्यायच्या, म्हणजे पाणी निथळतं आणि तापल्या फरशीवर मुळं शिजत नाहीत. डबे लांब लांब मांडायचे नाहीत, खेटून ठेवायचे. एकमेकांच्या सावलीत राहतात. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी वर. माझ्या पितळी तोटीच्या फवाऱ्याकडे बघून तुम्ही फक्त "छान आहे" म्हणालात. तो अजून कोराच आहे.

माठाचा घोळ तर सांगितलाच पाहिजे. मातीत माठ पुरला की तो पाझरून झाडाला पाणी देतो, असं मी कुठेतरी वाचलं आणि घरातला जुना माठ पिंपात पुरला. आठ दिवस झाले तरी आतलं पाणी हलेना. तुम्ही वाकून बघितलंत.

"हा घरातनं का काढला होता?"

"पाणी गार करेना म्हणून."

"मग? माणसाला गार पाणी देईना तो झाडाला काय देणार बे?"

मी बी.कॉम. आहे, अक्का. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून आतलं गार होतं, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. आमच्या बोअरच्या जड पाण्याने, त्यातल्या क्षारांनी माठाची छिद्रं बुजतात हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत पडून होत्या. तुम्ही एका वाक्यात शिवून टाकल्यात.

मग तुम्हाला आईची सुगडं आठवली. संक्रांत झाली की दर वर्षीची पाच सुगडं फडताळात वर जाऊन बसतात. टाकवत नाहीत, वापरवत नाहीत. तेरा निघाली. पाण्यात बुडवून ठेवली, एकेक डब्यात गळ्यापर्यंत पुरली, पेलाभर पाणी भरलं आणि वर झाकण म्हणून दिवाळीची पणती. पणतीमुळे पाणी उडत नाही आणि डासही होत नाहीत. संध्याकाळी भरलेलं सुगड दुसऱ्या संध्याकाळी रितं. आई मात्र कळवळली. "अहो, पूजेचं मातीत पुरायचं?" त्यावर तुम्ही, "आलं कुठनं ते?" आई अजून हे प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि आता जणू ते तिनेच म्हटलं होतं अशा थाटात.

रागावलात एकदाच. मिरचीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला होता आणि मोबाइल म्हणाला तंबाखूचं पाणी फवारा. शेजारीच विडीचं घर, तंबाखू फुकट! मी वाटी घेऊन आलो तशी तुम्ही वाटीच काढून घेतलीत. "मिरचीला तंबाखूचा हात नाही लावायचा. पान वेडंवाकडं होतं." म्हणून तर तुमची सून सुपावरून उठली की साबणाने हात धुतल्याशिवाय झाडांत येत नाही. मी नंतर वाचलं. मिरची, वांगं, टोमॅटो ही सगळी तंबाखूच्याच कुळातली, आणि तंबाखूच्या पानातला एक विषाणू हातावरून त्यांच्यात जातो. पानावर चट्टे पडतात, झाड खुरटतं. तुम्हाला विषाणूचं नाव माहीत नव्हतं, पण त्याची वाट माहीत होती. शिवाय ते पाणी माणसालाही विषच. त्याऐवजी तुम्ही बंबाखालची राख चाळून दिलीत. पहाटे पानं किंचित ओली करून, फडक्यातून भुरभुरायची, दोन दिवसांनी धुवून टाकायची. एका फेरीत भागलं नाही, तीन लागल्या.

यंदा पालक-कोथिंबिरीच्या भानगडीत पडलो नाही. गवार, भेंडी, चवळी, अंबाडी, दुधी. उन्हाला न घाबरणारी मंडळी. अंबाडीला तुम्ही गोंगुरा म्हणता. तुमच्याकडे पानं तेलात परतून लाल मिरची-लसणाची झणझणीत पचडी, आमच्याकडे ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली भाजी आणि वरून लसणाची फोडणी. कडक भाकरीबरोबर खरी कुठली, यावर तुमचं आणि आईचं वर्षभरात एकमत झालेलं नाही आणि होऊ नये अशीच माझी इच्छा आहे, कारण दोन्ही घरच्या वाट्या माझ्यापुढे येतात. पाडव्याचंही तेच. आईची कडुलिंबाच्या पाल्याची गूळ-हिंग-ओव्याची गोळी, आणि त्याच दिवशी तुमची उगादीची पचडी, त्यात पाल्याऐवजी कडुलिंबाचा फुलोरा, कैरी, नवी चिंच, गूळ, मीठ, तिखट. तो फुलोरा झाडाखाली जुनी साडी अंथरून माझ्या मुलीने गोळा केला होता. पुण्यात असताना तिने कडुलिंबाला फुलं येतात हेच पाहिलं नव्हतं.

दुधीचं मात्र तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं. वेल मांडवभर, इवल्या इवल्या दुध्या लागायच्या आणि पिवळ्या पडून गळायच्या. तुम्ही म्हणालात, लगीन लागलेलं नाही. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं, तोवर मधमाश्या घरी गेलेल्या असतात. मागच्या मंगळवारी सात वाजता तुम्ही कठड्यापाशी आलात, मुलगी बॅटरी धरून उभी राहिली. लांब दांड्याचं, मागे काही नसलेलं ते नरफूल. ज्याच्या पाठीशी अंगठ्याएवढी लवदार दुधी आधीच बसलेली, ते मादीफूल. तुम्ही नरफूल खुडलंत, मऊ ओल्या कागदासारख्या पाकळ्या मागे सोलल्यात आणि मधला पिवळा भुगा मादीफुलाच्या गाठीवर हलकेच टेकवलात, कुंकू लावावं तसा. मुलगी हळूच म्हणाली, "शुभमंगल सावधान." तुम्ही इतक्या हसलात की बॅटरीचा उजेड हलायला लागला. चौथ्या दिवशी दुधीची मान खाली झुकली आणि अंग धरलं. सध्या वीतभर आहे. पहिली तुमच्याच दाराला येणार.

पैशाचं सांगतो, कारण लोक विचारतात. मी आता तीन दुकानांचे हिशेब घरून लिहितो; पगार होता त्याच्या निम्म्याहून कमी मिळतात. बागेचा यंदाचा खर्च वहीत 410 रुपये आहे: शेणखत, दुधीचं बी, सुतळी. भाजीचा सगळा खर्च सुटला असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बटाटे, कांदे, टोमॅटो विकतच आणतो. पण घराची रीत बदलली. नऊला खिडक्या बंद. पूर्वेच्या खिडकीला विरलेली ओली चादर. सोलापुरात जुन्या चादरीला काय तोटा! सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी पन्हं, रात्री गच्चीत अंथरूण. अंथरूण घालायच्या आधी फरशीवर पाणी मारायचो, तेही तुम्ही बंद केलंत; आता त्याऐवजी आधी पायांनी चाचपून गार झालेला तुकडा शोधतो आणि तिथे पडतो.

आता एक कबूल करायचंय. गेल्या मेमध्ये, पाण्याच्या दिवशी, पहाटे साडेचारला मला जाग आली. तुमच्या जिन्यात भांड्याचा आवाज झाला. तुम्ही भरलेली घागर कमरेवर घेऊन वर आलात, कठड्याला हात न लावता. ती पिंपात ओतलीत, खाली गेलात आणि दुसरी आणलीत. मग तिसरी. मी अंथरुणात पडून होतो, हललो नाही. त्याच दिवशी दहा वाजता खालून हाक आली, "बाबू, पोतं आणून दे की वर. गुडघे धरलेत." पोत्याचं वजन किती असेल, तीन किलो?

मी गेलो आणि आणून दिलं.

उद्या पाण्याचा दिवस आहे. अंबाडीचं बी वाळवून दोन पुड्या केल्यात, एक तुमची. कठड्यावर विटेखाली ठेवतोय. कात्रणाचं पोतं भरत आलंय असं सूनबाई म्हणत होत्या. हाक मारा. गुडघे दुखतच असतील.

तुमचा,
बाबू