एकादशीला निघा, आत्यांना घेऊन निघा

प्रिय अविनाश,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवेआगरपासून गुहागरपर्यंतचा किनारा तू डोळ्यांपुढे उभा केलास, पण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "आत्या असत्या तर", "आईला हे दाखवायला हवं होतं" हेच आलं. शेखाडीच्या रस्त्यावर तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, हव्या होत्या, आंजर्ल्याच्या कड्यावर आत्या हव्या होत्या, आणि न्यू जर्सीतला दादा तर सगळीकडेच हवा होता. तेव्हा आता पुढची खेप त्यांच्यासाठीच आखू. ७८ वर्षांच्या बाईला गुडघे दुखत असतानाही कोकण नीट दाखवता येतं. फक्त प्रवास तिच्या मापाने बेतावा लागतो, आपल्या मापाने नाही.

पहिली गोष्ट दिवसाची. तुम्ही सुट्टी बघून निघालात, या वेळी पंचांग बघून निघा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, द्वादशीला ९, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला पुण्याहून निघालात तर पाचव्या दिवशी, दत्तजयंतीच्या पौर्णिमेला, तुम्ही गुहागरला असाल. या क्रमाने वाटेतली प्रत्येक भरती-ओहोटी तुमच्या सोयीची पडते. कशी ते पुढे सांगतो.

गाडी सात आसनांचीच घ्या, भाड्याने का होईना. तुम्ही चौघे आणि या दोघी मिळून सहा. मागची रांग चिनू-ओवीला द्या, कारण तिथे वाकून शिरावं लागतं आणि घाटात सगळ्यात जास्त हेलकावे तिथेच बसतात. मुलांना मळमळ होत असेल तर ताम्हिणीपुरतं त्यांना मधल्या रांगेत आणा, आणि फोन हातात देऊ नका. मान खाली घालून पडद्याकडे बघितलं की उलटी आलीच. मागची रांग उघडी राहिली की सामानाला जागा उरत नाही, म्हणून कडक सुटकेस नकोत, कापडी बॅगा घ्या.

आत्या पुढे, तुझ्या शेजारी. सीट पूर्ण मागे सरकवलेली. चढताना आधी पाय आत टाकायला लावू नकोस. पाठमोरं उभं राहून आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज फिरतं, गुडघ्याला पीळ पडत नाही. बसून झालं की पिशवी काढून घे, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतं. उंच गाडीला सहा-आठ इंचांचा रुंद लाकडी पाट बरोबर ठेव. प्लास्टिकचं स्टूल नको, रेतीत ते कलंडतं.

निघायचा दिवस एकादशीचा, म्हणजे दोघींचा उपास. घाटाआधी साबुदाण्याची खिचडी किंवा वडे नकोत, तुपातेलाचं पोटात घेऊन वळणं सोसत नाहीत. केळी, राजगिऱ्याचे लाडू, ताक, आणि तोंडात धरायला आवळासुपारी. पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडला की पिरंगुट-मुळशीमार्गे ताम्हिणी उजेडात आणि गर्दीविना मिळतो. काकूंची लघवीची गोळी सकाळची असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारून ठेव, कारण मुळशी सोडल्यावर धड स्वच्छतागृह थेट माणगावच्या बाजूला. औषधांची पिशवी पायाशी असू दे, डिकीत नको, डिकी तापते.

घाट उतरताना ज्या गियरमध्ये तो चढला असतास त्याच गियरमध्ये उतर. सहा माणसं आणि सामान असलेली गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पायाखालचा जोर नाहीसा होतो. तसं झालं तर रुंद जागा बघून बाजूला घे आणि अर्धा तास नुसता थांब. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नकोस, ती वाकडी होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तुला सांगायला नको. टायरमधली हवा मात्र दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिली असेल तेवढी भर. एरवीची हवा सहा माणसांना कमी पडते.

माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून मोर्बा, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. टाकी माणगावला भर, आणि पुढेही अर्धी झाली की भरत जा. रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेव, जेटीवर आणि खाणावळीत नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

दिवेआगरला दोन रात्री. तुम्ही रोज गाव बदललंत, तीच चूक झाली असं मला वाटतं. म्हाताऱ्या माणसाला अंतराने थकवा येत नाही, रोज नवं अंथरूण आणि नवी मोरी यांनी येतो. घरगुती निवास ठरवताना फोनवर चारच गोष्टी विचार: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडीपासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि रात्री गरम पाणी मिळेल का. समुद्र दिसतो का हे विचारूच नकोस. समुद्र दिसणारी खोली बहुधा वरच्या मजल्यावर असते. दिवेआगर सपाट गाव. रूपनारायणाच्या देवळापर्यंत आत्या काठी टेकत जातील. सुवर्णगणेशही गावातच: १९९७ साली बागेत पेटीत सापडलेला मुखवटा, २०१२ साली चोरीला गेला, २०२१ साली पुन्हा बसवला. काकूंना ही हकिगत आधी सांग, त्या दर्शनाला निराळ्या मनाने उभ्या राहतील. संध्याकाळी पाचला पाणी अर्ध्यावरच असेल. ओल्या, घट्ट रेतीवरून चालवा, कोरड्या रेतीत गुडघे रुततात. गाडी मात्र रेतीवर अजिबात घालू नकोस. चाक रुतलं की वर भरती चढते आणि खारं पाणी खालून सगळं खातं.

दुसऱ्या दिवशी शेखाडीमार्गे श्रीवर्धन, पुढे हरिहरेश्वर. इथे एक लक्षात ठेव. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे तुझ्या बाजूला. आत्यांच्या खिडकीत डोंगर. परतीला, उत्तरेकडे येताना, समुद्र त्यांच्या खिडकीत येतो. म्हणून सकाळी सरळ पुढे जा आणि शेखाडीचे थांबे परतीसाठी ठेव, उन्हं उतरल्यावर. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा दोघींना नाही. खडकातल्या अरुंद फटीतून उंच पायऱ्या उतरतात, खाली शेवाळ. त्या देवळात बसतील. तू, वहिनी आणि मुलं दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान जाऊन या. द्वादशीला सव्वातीनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते. भरतीत त्या खडकांवरून माणसं ओढली गेली आहेत, म्हणून तिथल्या कुणी "आता नको" म्हटलं तर मागे फिर. श्रीवर्धनच्या बाजारात रोठा सुपारी घे, घरी अडकित्ता चालवणारं कुणी उरलं असेल तर.

तिसरा दिवस फेरीबोटीचा, बागमांडल्याहून सावित्रीपार वेशवीला. तू लिहिलंस की गाडीचा पुढचा बंपर उतारावर घासला. कारण सांगतो. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात खोल कोन पडतो, आणि भरलेली गाडी आधीच खाली बसलेली असते. त्रयोदशीला पावणेदहाला भरती, म्हणजे दहाच्या फेरीला फळी जवळजवळ सपाट असेल. तरी सगळ्यांना आधी उतरव आणि माणसं चालत बोटीवर चढू देत, आत्यांचा दंड वहिनीने धरून. फळीच्या कडेला पाण्याची रेघ असते, तिथे हिरवं शेवाळ, पाऊल मधोमधच टाकायचं. बोटीवर गाडी बऱ्याचदा उलटी घालावी लागते. खलाशाच्या हाताकडे बघ, मागच्या कॅमेऱ्याकडे नको. इंजिन बंद, पहिला गियर, हँडब्रेक. मग आत्यांना कठड्याशी पाटावर बसव. शिट्टी होते, फळी साखळीवर वर उचलली जाते, जेटी हळूहळू मागे सरकते. गाडीच्या काचेआडून यातलं काही दिसत नाही.

शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या रात्री फोनवर विचार. चुकली तर महाड-मंडणगडचा वळसा पडतो आणि दिवस जातो. नकाशात फेरीबोट टाळण्याची खूण चालू राहिली असेल तर तो तुला तिकडेच नेईल. आणखी एक फसगत: मुरूड दोन. एक जंजिऱ्याचं, दुसरं हर्णैशेजारचं, महर्षी कर्व्यांचं. नुसतं "मुरूड" टाकशील तर उलटा नदीपार जाशील. "मुरूड, दापोली" असं टाक.

वेशवी ते आंजर्ले अंतर नकाशावर थोडं, रस्ता मात्र अरुंद आणि चढउताराचा. दोन तास धर. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी वर जाते, पायऱ्यांची वाट तरुणांना ठेव. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देवळामागे येऊन खाली बघितलं की हर्णै आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग. सगळ्या प्रवासात कष्टाच्या मानाने सर्वांत मोठं दर्शन मला हेच वाटतं. पायांना त्रास नाही आणि सगळा किनारा समोर. जेवण सकाळी नऊच्या आत फोन करून सांगून ठेव, या गावांत माणसं मोजूनच तांदूळ वैरतात. हर्णैचा मासळीचा लिलाव दोघींनी वर धक्क्यावरून बघावा, खाली चिखल आणि खवले.

मुक्काम कर्दे किंवा मुरूडला, इथेही दोन रात्री. चौथा दिवस मोकळा ठेव. खरोखर मोकळा, "जवळच आहे" म्हणून काही घुसडू नकोस. चतुर्दशीला पावणेपाचला ओहोटी, म्हणजे संध्याकाळी किनारा रुंद. दादाला तेव्हा फोन लाव. डिसेंबरात आपल्याकडे सहाला सूर्य बुडतो, तेव्हा त्याच्याकडे सकाळचे साडेसात, चहाची वेळ. आदल्या दिवशी त्याच जागी उभं राहून नेटवर्क तपास. फोन उभा धरून सगळ्यांचे चेहरे दाखवू नकोस, चेहरे तो रोज बघतो. फोन आत्यांच्या हातात दे, त्या जे बघतील ते त्याला दिसू दे. वाऱ्याने आवाज फाटतो, म्हणून माईकच्या छिद्रापाशी ओंजळ धर.

पाचव्या दिवशी दापोलीवरून दाभोळ, तिथून वाशिष्ठीपार धोपावे. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, अकराची फेरी गाठ. पलीकडे पंधरा-सोळा किलोमीटरवर गुहागर. व्याडेश्वर सपाटीवर, समुद्र देवळामागे चालत. हेदवी, वेळणेश्वर, गणपतीपुळे या खेपेला सोड, आणखी एक देऊळ वाढवलंस तर आत्यांचं गुहागरचं चांदणं जाईल. सहाव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, पुणे. अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून सातला निघा.

ताईचं बारावीवालं पोर सोडून तिला येता यायचं नाही, तर तिच्यासाठी कोकमाचं आगळ आण. सरबताचा पाक नको, आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस. बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा लावून झाकण घट्ट कर आणि उभीच ठेव, आडवी पडली तर गाडीचं कापड लाल होतं. त्याची सोलकढी अशी: एका मोठ्या नारळाचं दोन वेळा काढलेलं दूध, साधारण तीन वाट्या, त्यात चार चमचे आगळ, लसणाची एक पाकळी, हिरवी मिरची ठेचून, कोथिंबीर. मीठ चाखूनच घाल, आगळात ते आधीच असतं. नारळ वाटताना पाणी कोमट चालेल, पण आगळ घालताना दूध गार हवं. गरम दूध आगळाने फाटतं.

अण्णांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि मी तिथेच सर्वांत जास्त थांबलो. त्यांची जागा कुठल्या आखणीने भरायची नाही. बोटीवर कठड्याशी त्यांचं नाव निघेल, निघू दे. काकूंना बोलायचं असेल तर मुलांना पुढे पाठव आणि तू शेजारी उभा राहा.

पंचांगात एकादशी बघून मला तारीख कळव. आणि त्याआधी दिवेआगरच्या तळमजल्याच्या खोलीसाठी आजच फोन कर, अशा खोल्या प्रत्येक घरात एखादीच असते.

काकूंना आणि आत्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद