एकाच नावाचे उमेदवार आणि आयोगाचे मौन : मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या आयोगाने मतदान यंत्रावरची मतपत्रिका वाचायला सोपी करण्याचे आदेश काढले. उमेदवाराचा फोटो रंगीत, फोटोतली तीन चतुर्थांश जागा चेहऱ्याला, अनुक्रमांक 30 आकाराच्या ठळक टाइपात, सगळ्यांची नावे एकाच टाइपात आणि एकाच आकारात, कागद 70 जीएसएमचा. हे बदल चांगलेच आहेत. पण मते फोडण्यासाठी एकाच मतदारसंघात एकाच नावाचे दोन-दोन, चार-चार उमेदवार उभे केले जातात, त्याबद्दल या बदलांत काहीही नाही. जिथे मतदार खरोखर फसतो, ती जागा तशीच राहिली.

रायगड, 2014. सुनील दत्तात्रय तटकरे 2,110 मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर सुनील श्याम तटकरे नावाचे अपक्ष होते, त्यांना 9,849 मते पडली. केरळमधील आलप्पुळा, 2004. व्ही. एम. सुधीरन 1,009 मतांनी पडले, व्ही. एस. सुधीरन यांना 8,282 मते. केरळमधीलच मंजेश्वरम, विधानसभा 2016. के. सुरेंद्रन यांचा पराभव 89 मतांनी झाला आणि के. सुंदरा यांना 467 मते मिळाली. यातले प्रत्येक मत चुकून पडले असे कोणी म्हणणार नाही. पण रायगडमध्ये त्या अपक्षाच्या मतांचा चौथा हिस्सा जरी चुकून पडलेला असेल, तरी तिथला खासदार चुकून निवडला गेला. ही बाब आयोगाला किरकोळ कशी वाटू शकते?

दिंडोरीत 2024 साली तर कळस झाला. भास्कर भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. बाबू भगरे या अपक्षाला मिळाले ट्रम्पेट, आणि आयोगाच्या मराठी यादीत त्याचे नाव होते ‘तुतारी’. लोक त्याला पिपाणी म्हणतात, पण छापील कागदावर तुतारीच होती. आडनाव तेच, चिन्हाचे नाव तेच. अपक्षाला 1,03,632 मते पडली. भास्कर भगरे 1,13,199 मतांनी निवडून आले, म्हणून ओरड लवकर थांबली. साताऱ्यात हरलेल्या उमेदवाराचे चिन्हही ‘तुतारी वाजवणारा माणूस’च होते. तिथे नाव सारखे नव्हते, फक्त पिपाणी होती. तिथे निकालाचा फरक 32,771 आणि पिपाणीची मते 37,062.

हे घडवून आणायला फारसे लागत नाही. लोकसभेसाठी अनामत रक्कम 25,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 12,500. अपक्षाला दहा सूचक. एक षष्ठांश मते न मिळाल्याने अनामत जप्त झाली, तरी ज्याने हा खर्च केला त्याचे काम झालेले असते. माघारीची मुदत दुपारी तीनला संपते, लगेच चिन्हवाटप होते आणि नमुना 7-अ मधली अंतिम यादी लागते. खऱ्या उमेदवाराला हरकत घ्यायला वेळच उरत नाही. आणि हरकत घेणार कशाच्या आधारावर?

1961 च्या निवडणूक नियमांत एक तरतूद आहे. दोन उमेदवारांचे नाव सारखे असेल तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा ‘अन्य प्रकारे’ त्यांच्यात फरक दाखवावा. प्रत्यक्षात फरक उरतो तो वडिलांच्या नावाचा. मतदाराला उमेदवार माहीत असतो नाव-आडनावाने. वडिलांचे नाव श्याम की दत्तात्रय, हे यंत्रासमोर उभे राहिल्यावर कोण आठवणार? शिवाय मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, नोंदणीकृत पक्षांचे नंतर आणि अपक्ष शेवटी अशी क्रमवारी असते. उमेदवार जास्त झाले की दुसरे यंत्र जोडावे लागते, कारण एका यंत्रावर नोटासह सोळाच नावे मावतात. मग खरा उमेदवार पहिल्या यंत्रावर आणि त्याचा नामबंधू दुसऱ्यावर. ज्याची नजर आधी दुसऱ्या यंत्राकडे गेली त्याला हवे ते नाव तिथे सापडते आणि तो बटण दाबून मोकळा होतो. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसतेच.

चूक लक्षात येते ती व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेत. चिठ्ठीवर क्रमांक, नाव आणि चिन्ह, फोटो नाही. ती सात सेकंद दिसते आणि खाली पडते. यंत्राने भलतीच चिठ्ठी दाखवली तर तक्रार करता येते, पण इथे यंत्र बरोबर असते. मत परत मिळत नाही. निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. मात्र नुसते नावातले साम्य हे निवडणूक रद्द करण्याचे कारण कायद्यात नाही. म्हणजे ज्या मतदाराचे मत गेले, त्याला दाद मागायला या देशात एकही दार नाही. उन्हात तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या वयस्कर माणसाला आपण काय सांगणार? की फोटो रंगीत होता, तुम्हीच नीट बघायला हवे होते?

मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरची याचिका ऐकायला नकार दिला. आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढता येणार नाही, हा त्यामागचा विचार आम्हालाही मान्य आहे. कोणाला रोखा अशी मागणीच नाही. एक नाव अनेकांचे असणारच. ते ओळखू येतील अशी सोय करणे हे प्रशासनाचे काम. आपल्याकडे एकाच नावाच्या गावांना बुद्रुक आणि खुर्द लावून वेगळे केले. तेवढ्याने पत्रे पोहोचेनात, तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकडी पिन कोड आखला आणि 15 ऑगस्ट 1972 पासून टपाल खात्याने तो लागू केला. गावाचे नाव बदला, असे कोणी सांगितले नाही. नव्या पक्षाची नोंदणी करताना आपलाच आयोग वर्तमानपत्रांत त्याचे नाव जाहीर करायला लावतो आणि 30 दिवस हरकती मागवतो. मतदार ओळखपत्राचा एकच क्रमांक दोन राज्यांत निघाला, तेव्हा मार्च 2025 मध्ये आपणच तीन महिन्यांत तो दोष काढण्याचे जाहीर केले. पक्षांचे नाव जपता, क्रमांक जपता. मग उमेदवाराच्या नावालाच वाली का नाही?

कारण उघड आहे. ही युक्ती सगळ्यांनाच हवी आहे. आज ज्याच्यावर उलटते तो आरडाओरडा करतो, पुढच्या निवडणुकीत तोच दुसऱ्याचा नामबंधू शोधायला माणसे पाठवतो. संसदेत याविरुद्ध कायदा कोण आणणार? म्हणूनच हे पत्र आपल्याला आहे. मतपत्रिकेचा तपशील ठरवण्याचा अधिकार नियम 49-बी ने आयोगाला दिला आहे, सप्टेंबरचा आदेशही त्याच नियमाखाली निघाला. ‘अन्य प्रकारे’ हे शब्द नियमात आधीच आहेत.

तेव्हा नावे सारखी असतील तिथे प्रत्येकाच्या नावाखाली पक्षाचे नाव किंवा ‘अपक्ष’ हा शब्द छापा, मतपत्रिकेवर आणि चिठ्ठीवरही. चिन्हे व्हीव्हीपॅट यंत्रात भरताना नावही भरले जातेच, त्यात एक शब्द वाढेल. नामबंधूला मिळत्याजुळत्या आकाराचे किंवा नावाचे चिन्ह देऊ नका. निर्णय अधिकाऱ्याने वाटपाआधी दोन्ही चित्रे आणि दोन्ही मराठी नावे शेजारी ठेवून पाहावीत. छाननीनंतर कोणी नावापुढे ‘सर’, ‘दादा’, ‘भाऊ’ लावून मागितले, तर त्या नावाने ओळखले जात असल्याचा जुना कागद मागा. आणि मतदान केंद्राबाहेर लागणाऱ्या उमेदवारांच्या यादीत सारख्या नावांपुढे फोटो आणि ठळक खूण असू द्या, म्हणजे रांगेतल्या माणसाला आत जाण्याआधीच सावध होता येईल.

महापालिका आणि जिल्हा परिषदांत फरक अनेकदा शे-दोनशे मतांचा असतो, तिथे हा घाव अधिक खोल बसतो. म्हणून या पत्राची प्रत राज्य निवडणूक आयोगालाही पाठवत आहोत. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी, यातले काय करणार आणि काय नाही, याचे लेखी उत्तर द्यावे.

आपले,
मतदार