तक्रार पत्र : माहितीपत्रकात व्हिटनी, प्रत्यक्षात दुसराच वाडा

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय : अमेरिका सहलीत व्हिटनी प्लँटेशन न दाखवल्याबाबत

महोदय,

तुमच्या ऑक्टोबरच्या अमेरिका सहलीत मी आणि सौ. होतो. जेवणाखाण्याबद्दल तक्रार नाही, पोहेसुद्धा वेळेवर मिळाले. तक्रार आहे ती न्यू ऑर्लिन्समधल्या दुसऱ्या दिवसाची.

माहितीपत्रकात त्या दिवशी 'व्हिटनी प्लँटेशन' छापलं आहे. आम्ही सांगलीकडचे, तीन पिढ्या ऊस लावणारे. ही सहल घेतली तीच मुळी त्या एका ओळीसाठी. अँब्रॉइज हायडेल या जर्मन माणसाने १७५२ मध्ये मिसिसिपीकाठी वसवलेला हा मळा, आधी निळीचा, मग उसाचा. २०१४ पासून तिथे संग्रहालय आहे. वाडा आहेच, पण ते सांगतं राबणाऱ्या गुलामांविषयी. तिथल्या साडेतीनशेहून जास्त जणांची नावं दगडावर कोरली आहेत. मला ती वाचायची होती.

बस थांबली दुसऱ्याच वाड्यापाशी. तुमचे टूर मॅनेजर म्हणाले, "काका, सगळे वाडे सारखेच. इथे झाडं मस्त आहेत, फोटो छान येतात." पाऊण तास झुंबरं, चांदीचे चमचे आणि मालकिणीचे झगे पाहिले. शेतात कोण राबायचं, असं विचारलं तर गाइडबाईंनी हसून पुढची खोली दाखवली.

बागेत एक लोखंडी काहील होती, पाणी भरून कमळं सोडलेली. मंडळी सेल्फी काढत होती. मॅनेजर म्हणाले, कारंज्याचा हौद आहे! आजोबांच्या गुऱ्हाळात मी चुलवाणात चिपाडं घातली आहेत. रसाचा एक थेंब मनगटावर उडाला होता, त्याचा डाग अजून आहे. मला काहील कळत नाही होय? लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे तिथे, अशा काहिली ओळीने मांडत आणि हंगामात रात्रंदिवस गुलाम माणसं उकळता रस एकीतून दुसरीत ओतत. तिच्याजवळ साधी पाटीही नव्हती.

त्या दिवसाचे दोघांचे पैसे परत करावेत आणि बदल कोणी, कोणाला विचारून केला ते लेखी कळवावं. पंधरा दिवस वाट पाहीन, मग ग्राहक आयोगाकडे जाईन. आणि व्हिटनीला नेणार नसाल तर ते नाव छापू नका.

आपला,
एक सहप्रवासी

सोबत : माहितीपत्रकाचं पान, काहिलीचा फोटो