ताई, तुम्ही दोन पावलं मागे सरकलात

ताई,

सप्रेम नमस्कार. माझ्या वाकड्या पाठीला तुम्ही व्यायाम शिकवलात, त्याचे फोनवर आभार मानायला गेले की माझा गळा दाटून येतो आणि तुम्ही "व्यायाम सुरू आहे ना?" विचारून विषय बदलता. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांनी वाचावं, म्हणून उघड लिहिते आहे.

मी आठवीत असताना वेणी घालता घालता आईच्या लक्षात आलं की माझ्या उजव्या खांद्यामागचं हाड वर आलंय. तेव्हापासून माझ्या हातातल्या गोष्टी काढून घेणं सुरू झालं. पाण्याची गुंडी धाकट्या भावाकडे गेली. शाळेच्या कबड्डीतून नाव गेलं. वेचणीला गेले की बाया ओटी भरायच्या आत सोडवून न्यायच्या, "राहू दे वं, तुझी पाठ..." सगळे मायेनंच करायचे, पण घरात आपण कामाला नाही, हे रोज कळत राहायचं.

शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि माझ्याकडे न पाहता बाबांना सांगितलं, "जड उचलू देऊ नका, खेळ बंद. लग्नाचं लवकर पाहा." पाठ किती अंश वळली आहे, पुन्हा कधी तपासायचं, यावर एक शब्द नाही. वाढीच्या वयात दर काही महिन्यांनी वक्रता मोजायची असते, ती साधारण २५ अंशांपुढे गेली तर ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारा कडक साचा, लावतात, आणि ब्रेसचा उपयोग हाडांची वाढ सुरू असेपर्यंतच होतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझं ते वय निघून गेलं होतं. नशिबानं माझी वक्रता २८ अंशांवर थांबली. एखाद्या मुलीची ५० च्या पुढे गेली असती तर? त्या डॉक्टरांवरचा माझा राग गेलेला नाही. आणि 'पाठ सरळ होते' म्हणून तुरीच्या पैशातून बाबांना इलॅस्टिकचा पट्टा विकणाऱ्यावरचाही नाही.

गावानं कारण ठरवून टाकलं होतं, दप्तराचं ओझं. आईनं तो दोष मुकाट्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. तुम्ही आधी तिला समोर बसवलंत आणि सांगितलंत की स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा असा बाजूला वळण्याच्या दुखण्याच्या, दहातल्या आठेक जणांमध्ये कारण सापडतच नाही. दप्तरानं होत नाही, वाकून बसल्यानं होत नाही, आईच्या दुर्लक्षानं तर नाहीच. एसटी स्टँडमागच्या तुमच्या त्या लहानशा खोलीत माझी आई किती रडली! तुम्ही पुढच्या पेशंटला बाहेर थांबवलंत आणि तिला रडू दिलंत.

मग ते झालं, ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. तुम्ही जमिनीवर एक केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला वजनाचा लोखंडी गोळा, ठेवलीत. कंबर मागे कशी न्यायची, पोट कसं आवळायचं ते दाखवलंत. मी हात लावला आणि सवयीनं तुमच्याकडे पाहिलं, कारण इथे कोणीतरी "राहू दे" म्हणणार हे मला पाठ होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दोन पावलं मागे सरकलात आणि हाताची घडी घालून उभ्या राहिलात. सावरायला हातसुद्धा पुढे केला नाहीत. मी ती उचलली. इतक्या वर्षांत कोणी माझ्या हातात वजन ठेवून बाजूला झालं नव्हतं. त्या दोन पावलांनी मला जे दिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. व्यायामानं माझा कणा सरळ होणार नाही, पण स्नायू बळकट झाले तर दुखणं कमी होईल आणि दम टिकेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. आरशासमोर बसवून दबलेल्या डाव्या बाजूत श्वास भरायला शिकवलंत. स्वतःचाच कणा वाकडा असलेल्या जर्मनीच्या काटारिना श्रोट यांनी शंभर वर्षांपूर्वी हा व्यायाम बसवला, तेही सांगितलंत. आणि मोबाईलवर तो वजन उचलणारा लमार गँट दाखवलात! कणा उघड दिसण्याइतका वाकडा, आणि १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट करणारा, म्हणजे तेवढं वजन जमिनीवरून उचलणारा, जगातला पहिला माणूस. बाबांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून पाहिला. ते बोलले काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वजनाचा दांडा करायला डबे आणि सळई घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याच सळईवर मी आज व्यायाम करते.

माझा उजवा खांदा अजून वर आहे. ब्लाऊज शिवताना शिंपीण अजून हळहळते. पण निंदणाला दुपारी जी कळ निघायची आणि मी बांधावर जाऊन आडवी पडायचे, ती आता क्वचित येते. परवा तुरीचा कट्टा मी घरात घेतला. भाऊ उठला होता, पण आईच त्याला म्हणाली, "घेऊ दे तिले."

माणसाला त्याच्या दुखण्यापेक्षा मोठं समजणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत, ताई. पण त्यांच्या दारापर्यंत पोहोचायला आम्हाला फार उशीर होतो.

शेजारच्या गावातली सातवीतली एक मुलगी तुमच्याकडे पाठवते आहे. पुढे वाकल्यावर तिच्या पाठीची एक बाजू वर दिसते. तिची वाढ अजून बाकी आहे, म्हणून येत्या सोमवारीच आणायला सांगितलं आहे. तिचा बाप घाबरलेला आहे, त्याच्याशीही जरा बोला. आणि तूर निघाली की तुम्ही आमच्याकडे यायचं. आई शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी करणार आहे, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
एक पेशंट