दुखलं नाही, म्हणूनच

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संडासाच्या भांड्यात लालसर पाणी दिसलं. मला वाटलं, आईने कोकमाच्या आगळाची बाटली विसळून ओतली असेल. तेवढ्यात बाबा, तुम्ही लगबगीने येऊन दोन तांबे पाणी मारलंत. म्हणालात, "उन्हाळी लागलीय, सबजा घेतला की उतरेल." आणि आई, काल फोनवर तुझंही तेच. एकदाच झालं, दुखलं-खुपलं काही नाही, आता लघवी साफ होते.

मला घोर लागलाय तो त्या न दुखण्याचाच. उन्हाळीत जळजळतं, सारखं जावंसं वाटतं. मूत्राशयात गाठ असली तर सुरुवातीला बहुतेकदा नुसतं रक्त दिसतं, कळ नसते. एकदा दिसतं आणि कधीकधी महिनोन्‌महिने थांबतं. रक्त खड्याने जातं, प्रोस्टेट वाढल्यानेही जातं, तेव्हा लगेच वाईट धरू नका. पण रक्त पातळ करायच्या गोळीवर ढकलून मोकळंही होऊ नका. ती गोळी चालू असली तरी तपासायला लागतंच.

बाबा, बिडी सोडून तुम्हाला नऊ वर्षं झाली, त्याने धोका उतरतो, पण पुरता जात नाही. धुरातलं विष रक्तात जातं, मूत्रपिंडं ते गाळतात आणि लघवीला जाईपर्यंत ते मूत्राशयात साठून राहतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तेच. (आई, तुझी मशेरी तोंडाचा घात करते, तिच्यावर वेगळं पत्र येईल.)

दुसरं म्हणजे रंगखातं. १९८२च्या संपापर्यंत तुम्ही गिरणीत तिथेच होतात ना? पाळीवरून खोलीवर यायचात तेव्हा मनगटापर्यंत हात निळे, नखांच्या कडा तर रविवारीसुद्धा निघत नसत. कापडाच्या काही रंगांत तेव्हा बेंझिडिन असायचं, मूत्राशयाचा कॅन्सर करणारं रसायन. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे जर्मनीत रेन नावाच्या सर्जनने १८९५ सालीच दाखवून दिलं होतं. तुम्हाला मात्र हातमोजेसुद्धा कोणी दिले नाहीत. हा आजार वीस-तीस वर्षांनी, त्याहूनही उशिरा उगवतो. डॉक्टर विचारोत न विचारोत, रंगखात्याचं आपणहून सांगा.

आता तुम्ही म्हणाल, गिमवी गावात पूर्वी कित्येकांना रक्त जायचं, कोण मेलं? ते जंताचं होतं, ओहोळातल्या शंखांतून येणाऱ्या. १९५२ साली डॉक्टरांनी ते शोधून काढलं. आणि इजिप्तकडे असल्याच जंताने मूत्राशयाचा कॅन्सर होतो, तेव्हा गिमवीचा दाखला तुमच्या बाजूचा नव्हे.

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी चिपळूणला करून घ्या. सोनोग्राफी साफ आली तरी तिथे थांबायचं नाही, लहान गाठ तिच्यात सुटते. जेली लावून बधिर करतात आणि बारीक दुर्बिणीने आत बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम. लवकर सापडली तर बऱ्याचदा गाठ दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. पुढे काहींना मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, बाळांना क्षयासाठी टोचतात तीच लस.

आई, तुलाही सारखी उन्हाळी लागते. दरवेळी उरलेल्या अँटिबायोटिकवर भागवू नकोस. बायकांचं रक्त जंतुसंसर्गाच्या नावावर खपतं आणि निदानाला उशीर होतो. तुझीही लघवी तपासून घे.

दुर्बिणीची तपासणी इकडेच करू. पुढच्या शुक्रवारची मांडवी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. ठाण्याला मी उतरवून घेते. सुपारी सोलायची राहिली तर राहू दे. आगळ आणलंत तर बाटलीचं बूच घट्ट लावा, मागच्या खेपेला पिशवीभर लाल झालं होतं.

तुमची,
ताई